दोन दिवसांची सहल : जंजिरा वगळा, कोर्लई आणि फणसाड बघा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीच्या बैठका सुरू होतात. रायगडकडे जायचं ठरलं तर यादी जवळजवळ पाठच असते : अलिबाग, बिर्ला मंदिर, काशीद, मुरुड, जंजिरा, येताना एखादं वॉटर पार्क. यादीत ठिकाणं जितकी जास्त तितकी सहल पैसावसूल, असं आपल्यालाही वाटतं आणि पालकांनाही. प्रत्यक्षात मुलं दिवसातले सात-आठ तास बसमध्ये असतात. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, हजेरी घ्यायची, फोटो काढायचा आणि शिट्टी वाजली की परत चढायचं. मग निबंधात एकच वाक्य येतं : 'आम्ही खूप मजा केली.' त्या बिचाऱ्यांनी दुसरं लिहावं तरी काय?

माझं म्हणणं सरळ आहे. दोन दिवस, एक मुक्काम आणि तीनच ठिकाणं : रेवदंडा, कोर्लई आणि फणसाडचं अभयारण्य. पहिल्या दोन ठिकाणी पोर्तुगीजांचा इतिहास आहे आणि तिसऱ्या ठिकाणी समुद्राला लागून असलेलं जंगल. तिन्ही इतकी जवळ आहेत की बसमध्ये उलट्या व्हायलाही वेळ मिळणार नाही. आणि हो, जंजिरा या वेळी नाही. किल्ला अप्रतिम आहे, वाद नाही. पण होडीची रांग, गर्दी आणि गाईडची पाठ केलेली गोष्ट यांत अर्धा दिवस जातो. शिवाय तो सिद्दींचा इतिहास आहे, त्याला स्वतःची वेगळी सहल द्या.

आता इतिहास आणि जंगल एकाच सहलीत कशाला, असं कुणी विचारेल. आपण शाळेत इतिहासाचं पुस्तक वेगळं ठेवतो, परिसराचं वेगळं. तास बदलला की मुलं दप्तरातून दुसरं पुस्तक काढतात. या किनाऱ्यावर मात्र ही दोन पुस्तकं वेगळी करताच येत नाहीत. किल्ला कुठे बांधायचा हे खाडीने ठरवलं. आणि जंगल का टिकलं, याचं उत्तर राजवटीत सापडतं. मुलांना हे एकदा दिसलं की मग सांगावं लागत नाही.

सुरुवात रेवदंड्यापासून करा. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला रेवदंडा आणि त्याला लागून जुनं चौल, दक्षिणेला कोर्लईचा डोंगर थेट समुद्रात घुसलेला. चौल हे पोर्तुगीजांच्या आधीपासूनचं नामांकित बंदर. १४६९च्या सुमारास अफनासी निकीतिन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. सोबत विकायला एक घोडा. चौलहून तो जुन्नरला गेला आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. पुढे तो परत मिळाला, पण त्यासाठी निकीतिनला बराच मनस्ताप झाला. रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. मुलांना तारखांपेक्षा हा घोडा जास्त लक्षात राहतो, माझा अनुभव आहे. आणि घोड्यावरून प्रश्नही निघतात : समुद्रातून घोडे का आणायचे? आपल्याकडे नव्हते का? कोण विकत घ्यायचं? व्यापार, बंदर, लष्कर हे सगळं त्या एका घोड्याच्या मागोमाग येतं.

मग पोर्तुगीज. आपल्या मुलांच्या डोक्यात वसाहतवाद म्हणजे इंग्रज आणि सुरुवात म्हणजे प्लासी, असं पक्कं बसलेलं असतं. त्याच्या अडीचशे वर्षं आधी, १५०८ साली, याच चौलच्या पाण्यात पोर्तुगीज आरमाराची लढाई झाली. समोर इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाजची गलबतं होती. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने त्यांना वेढा घातला, पण चौल पडलं नाही. १५९४ मध्ये त्यांनी समोरचा कोर्लईचा डोंगरही जिंकला आणि खाडीच्या तोंडाची दोन्ही टोकं त्यांच्या हातात आली. अरबी समुद्रात जहाज न्यायचं तर त्यांचा परवाना घ्या, ज्याला ते कार्ताझ म्हणत, नाहीतर जहाज जप्त. वर्गात 'समुद्रावर सत्ता' हे शब्द कितीही वेळा लिहून दिले तरी हवेत राहतात. एखादी मुलगी मात्र लगेच म्हणते, 'म्हणजे टोलनाकाच की!' तिला शाबासकी द्या. पोर्तुगीजांनी जमिनीचे मोठे तुकडे घेण्याआधी पाण्यावर नाकी बसवली, हे तिला कळलेलं असतं.

रेवदंड्याच्या कोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. तटाच्या आत लोक राहतात, पाणी शिंपतात, अंगणात सुपाऱ्या वाळत घालतात. मधेच चर्चची पडकी भिंत उभी असते आणि सातखणी नावाचा उंच मनोरा, ज्याचे सगळे मजले आता उरलेले नाहीत. पुष्कळशी जागा खाजगी आहे. विचारल्याशिवाय पोरांना आत सोडू नका आणि पडक्या भिंतींवर तर मुळीच चढू देऊ नका.

साळावचा पूल ओलांडून दुपारनंतर कोर्लईला जा. मोठी बस गावात आत घुसवू नका, बाहेर थांबवून चालत जा. गल्ल्या अरुंद आहेत आणि त्या लोकांच्या आहेत. दीपगृहाच्या बाजूने वर चढलं की किल्ला दिसतो : लांबच लांब, चिंचोळा, आडव्या तटांनी कप्पे पाडलेला. इथे मी शिक्षकांना एकच विनंती करीन. वर पोचल्यावर भाषण सुरू करू नका. मुलांना वीस मिनिटं बसू द्या, कागद द्या आणि समोर दिसतं त्याचा नकाशा काढायला सांगा : समुद्र कुठे, खाडी कुठे, रेवदंडा कुठे, जहाज आत येणार कुठून. नकाशा पुरा झाला की विचारा, 'तुम्ही किल्ला कुठे बांधला असता?' जवळजवळ सगळे आपण बसलोय तीच जागा दाखवतात. त्यानंतर १५९४ सांगा. आता ती तारीख बसायला जागा मिळालेली असते.

पण मला विचाराल तर कोर्लईचा खरा ऐवज किल्ल्यात नाही, पायथ्याच्या गावात आहे. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज गेले. इथला ख्रिस्ती समाज मात्र इथेच राहिला. त्यांच्या घरात पोर्तुगीजमधून जन्मलेली एक भाषा बोलली जात होती. ती आजही बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. गोव्याशी, पोर्तुगालशी रोजचा संबंध तुटल्यावर, चहूबाजूंनी मराठी असताना, हजाराच्या आसपास माणसांनी ती पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ जपली. आणि जपताना ती बदललीही. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सहसा वाक्याच्या मधे येतं, नो लिंगमध्ये ते मराठीसारखं शेवटी सरकलं आहे. भाषा शिकवणाऱ्या कुणालाही हे ऐकून आनंद व्हायला हवा. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठी शेजाराची! व्याकरणाच्या तासाला 'कर्ता-कर्म-क्रियापद' म्हणताना मुलं जांभया देतात. तोच क्रम एका गावाने शेजाऱ्यांशी बोलता बोलता उचलला, हे कळल्यावर बहुतेक देणार नाहीत.

इथेच एक धोकाही आहे आणि तो मला सहलीतला सगळ्यात गंभीर वाटतो. पन्नास मुलं गावात शिरतात आणि दिसेल त्या आजींना म्हणतात, 'तुमची भाषा बोलून दाखवा ना!' मोबाइल वर. हे करू देऊ नका. ती माणसं म्हणजे प्रदर्शन नव्हे. ती कुठून आलेली नाहीत, इथलीच आहेत, मासे, शेती आणि नोकरी करणारी, आपल्याशी छान मराठीत बोलणारी. 'हे पोर्तुगीज लोक' असं एखादा शिक्षकच बोलून जातो, तेव्हा मुलांना आपण काय शिकवतो? परकी सत्ता गेली म्हणून तिच्या काळात ख्रिस्ती झालेली आपली माणसं परकी होत नाहीत. सहलीत एवढं एक मुलांपर्यंत पोचलं तरी पुरे, बाकी सगळं नंतर पुस्तकातून वाचता येईल. गावाशी खरंच ओळख करून घ्यायची असेल तर महिनाभर आधी तिथल्या शाळेला पत्र लिहा. दोन शाळांची मुलं एकत्र बसून तासभर खेळली, डबा खाल्ला, तर भाषा आपोआप कानावर पडेल.

त्याआधी वर्गात एक घरचा अभ्यास द्या. स्वयंपाकघरात आणि घरात फिरून पोर्तुगीजमधून आलेले शब्द शोधायचे. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू, साबण, चावी, इस्त्री, बादली, पगार, लिलाव, नाताळ. बाबांचा पगारसुद्धा पोर्तुगीज निघाला की वर्गात हशा पिकतो.

यातला काजू दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवा. मुक्काम करून पहाटे फणसाडला निघायचं, सुपेगावच्या बाजूने प्रवेश. वनविभागाची परवानगी आणि वाटाड्या यांची सोय आधीच करून ठेवा. हे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झालं, पण त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. म्हणजे ज्या झाडांखाली आपण 'निसर्ग' म्हणून उभे राहतो, ती एका संस्थानिकाच्या शौकापायी शिल्लक राहिली. बाकीच्यांना तिथे मज्जाव होता म्हणून ती वाचली. हे मुलांना जरूर सांगा आणि निवाडा न देता सोडून द्या. नववी-दहावीची मुलं बसमध्ये यावर भांडतील. भांडू द्या.

जंगलात बिबट्या दिसेल असं चुकूनही कबूल करू नका. दिसणार नाही. शेकरू दिसेल किंवा निदान त्याचं घरटं दिसेल, भेकराचा आवाज येईल, गिधाडं असली तर नशीब. पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. त्यातल्या एखाद्या गाणीपाशी अर्धा तास न बोलता बसवा. पहिली दहा मिनिटं खुसुखुसू चालतं, मग हळूहळू कान उघडतात. वाटेत गारंबीची वेल दाखवा. तिची शेंग हातभर लांब आणि बी एवढी टणक की ओढ्यातून समुद्रात गेली तर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते. आणि काजू मूळचा ब्राझीलचा. त्याला आणलं पोर्तुगीजांनी. एक बी आपण होऊन समुद्रात तरंगत जाते, दुसरी जहाजात बसून आली आणि कोकणची होऊन बसली. किनाऱ्यावरचा सुरूही बाहेरूनच आणून लावलेला. मग 'इथलं' म्हणजे नक्की काय, हा प्रश्न कोर्लईत पडतो तसा जंगलातही पडतो.

समुद्राबद्दल स्पष्ट बोलायला हवं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून पालक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पण त्यावर उपाय म्हणून मुलांना समुद्रापासून तोडणं मला पटत नाही. समुद्र वाचायला न शिकलेलं मूल कॉलेजात गेल्यावर मित्रांबरोबर जाणारच आहे. या सहलीत पाण्यात उतरणं नाही, घोट्याइतक्याही नाही, हे निघण्यापूर्वी लेखी कळवा. त्याऐवजी भरती-ओहोटीचं गणित शिकवा. कोळ्यांचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, पण भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. मुलांना कॅलेंडर देऊन सहलीच्या दिवसाची वेळ काढायला लावा आणि अधिकृत तक्त्याशी पडताळा. रेवदंड्याच्या तटाखालून किनाऱ्याने चालायचं तर ओहोटीच हवी, म्हणजे वेळापत्रक मुलांनीच ठरवलं असं होतं.

शाळेतर्फे जायचं असेल तर सहलीचे सरकारी नियम, किनाऱ्याबाबतच्या अटी, संमतीपत्रं, मुलींसोबत शिक्षिका हे सगळं आधी. परवानगीची अडचण असेल तर चार-पाच कुटुंबांनी मिळून हीच सहल काढावी, एखाद्या शिक्षकाला सोबत घेऊन. उलट ती जास्त चांगली होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जेवण घरगुती खानावळीत सांगून ठेवलं तर स्वस्त पडतं.

पालकसभेत 'एवढ्या पैशांत तीनच ठिकाणं?' हा प्रश्न येणारच. तेव्हा जुन्या सहलीचे निबंध काढून दोन-चार वाचून दाखवा. आणि कोर्लईच्या चढणीसाठी प्रत्येकाकडे दोन बाटल्या पाणी हवं, वर काही मिळेल असं धरून चालू नका.