तिकीट उरलं, तर कितीला विकावं?

"काकू, चारपैकी दोन तिकिटं उरलीत. दुप्पट पैसे देणारा एक जण तयार आहे. देऊन टाकू?"

३ डिसेंबर २०२५ ला नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा एकदिवसीय सामना होता. त्याआधी पुतण्याने मला हे विचारलं. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर तसं नाही.

कार्यक्रमाचं तिकीट नफ्यात विकू नये असा देशभर लागू होणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं काळ्या बाजारात गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

म्हणजे रान मोकळं आहे का? नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या अनधिकृत तिकीटविक्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा एक ते सात वर्षं कैद, शिवाय दंड. रेल्वेची तिकिटं विनापरवाना विकण्याचा धंदा केला, तर रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुतण्या काही टोळीवाला नव्हे. पण तिकिटाच्या अटींमध्ये पुनर्विक्रीला बंदी असेल, तर आयोजक तिकीट रद्द करू शकतो. मग गेटवर अडकतो तो घेणारा, आणि भांडायला येतो आपल्या दारी!

घेणाऱ्यांनीही जपावं. एकाच तिकिटाचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो. तिकीट अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

पुतण्याने शेवटी दोन मित्रांना सोबत नेलं. त्यांच्याकडून घेतले ते मूळ किमतीचेच पैसे. सामना आपण हरलो, पण ऋतुराज गायकवाडचं पहिलं एकदिवसीय शतक चौघांनी डोळ्यांनी पाहिलं. घरी आला तेव्हा घसा पार बसला होता. दुप्पट पैशांचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.