सगळ्यांना एकच टायर

मागच्या शनिवारी काही लिहिलं नाही, कारण मागचा शनिवार विलोजला गेला. (विलोज म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, आय-५ हायवेवर, आमच्याकडून अडीच तासांवरचं गाव. भाताची शेती, बदामाच्या बागा आणि थंडरहिल नावाचा रेस ट्रॅक.) ज्यांनी विचारलं त्यांचे आभार, ज्यांच्या लक्षातही आलं नाही त्यांचे जास्तच आभार :)

तर या वेळचा विषय टायर. हसू नका. आमच्या छोट्याशा हौशी सिरीजमध्ये पुढच्या सीझनसाठी 'स्पेक टायर' कुठला घ्यायचा यावर मतदान आहे आणि गेले पंधरा दिवस आमच्या घरात, ऑफिसात आणि गॅरेजमध्ये दुसरा विषय नाहीये. एका गाडीला एक मत. आमची गाडी १९९१ सालची माझ्दा मियाटा. मालक दोन, मी आणि ऑफिसातला एक मित्र. खर्च निम्मा-निम्मा, भांडणं पूर्ण. त्यामुळे आमचं एक मत नक्की कुणाचं, हाच मोठा प्रश्न आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेक टायर म्हणजे सिरीजने ठरवून दिलेला टायर. कंपनी, मॉडेल, साइज, सगळं एकच. मियाटाला बहुतेक ठिकाणी २०५/५०-१५. तो सोडून दुसरा लावलात तर निकाल रद्द. हेतू असा की जिंकावं ते ड्रायव्हरने, टायरच्या दुकानाने नव्हे.

टायरच्या दुकानाने रेस ठरवली तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या माणसाच्या नावावर आहे. १९ जून २००५, इंडियानापोलिस, एफ-वनची अमेरिकन ग्रां प्री. तेव्हा एफ-वनमध्ये दोन कंपन्यांचे टायर होते, मिशेलिन आणि ब्रिजस्टोन. सरावात राल्फ शूमाकरचा मागचा टायर गेला आणि गाडी शेवटच्या उताराच्या वळणावर भिंतीला आदळली. त्या वळणावर आपले टायर रेसभर टिकतील अशी खात्री खुद्द मिशेलिनलाच देता येईना. शेवटी फॉर्मेशन लॅप संपवून मिशेलिनवाल्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये गेल्या आणि रेस झाली फक्त सहा गाड्यांची. त्या सहांत जॉर्डनच्या गाडीत नारायण कार्तिकेयन होता. चौथा आला, पाच पॉइंट मिळाले. एफ-वनमध्ये भारतीयाला मिळालेले ते पहिले पॉइंट आणि नारायणच्या कारकिर्दीतले तेवढेच. मी तेव्हा दुसरीत होतो. बाबांनी पेपरातला फोटो कापून कपाटाला आतून चिकटवला होता, एवढं आठवतं. सहाच गाड्या होत्या हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

पुढे मिशेलिन बाहेर पडली, २००७ पासून सगळ्यांना ब्रिजस्टोन, २०११ पासून पिरेली. आपल्याकडे तर हा प्रश्न फारसा येतच नाही. कोइंबतूरला जेके टायर आणि चेन्नईला एमआरएफ यांनीच इतकी वर्षं रेसिंग पोसलंय, त्यामुळे टायर कुणाचा हे विचारण्यात अर्थ नसतो.

असो. मुद्दा असा की 'सगळ्यांना एकच टायर' म्हटलं की आपल्याला वाटतं झाली समानता. मलाही पहिले दोन सीझन तसंच वाटायचं. पण हे पूर्ण खरं नाही.

क्रिकेटचं बघा. समजा तुमच्या क्लबच्या लीगमध्ये नियम आहे की सगळ्यांनी एकाच कंपनीचा बॉल वापरायचा. ठीक. पण किती षटकांनी नवा बॉल घ्यायचा यावर काहीच नियम नाही, आणि बॉल ज्याने त्याने आपल्या पैशाने आणायचा. मग एक टीम दर पाच षटकांनी नवा लालभडक बॉल काढेल आणि दुसरी टीम दुपारपर्यंत तोच भुसभुशीत बॉल थुंकी लावून चमकवत बसेल. बॉल एकच हो, कंपनी एकच! तक्रारीला जागाच नाही.

टायरचं अगदी असंच आहे. रेसिंगचा मऊ, चिकट टायर नवा असताना त्याच्यात जी ग्रिप असते ती पहिल्या एक-दोन सेशनपुरती. टायर तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो, पुन्हा थंड होतो. याला हीट सायकल म्हणतात. दर वेळी रबर थोडं थोडं कडक होत जातं. नक्षी भरपूर शिल्लक दिसते, अंगठ्याने दाबलं तर बरा वाटतो, पण घड्याळ सांगतं की तो गेलेला आहे. आमच्याच गाडीवर एका मित्राकडून उसना घेतलेला असा चिकट सेट एकदा लावला होता. पहिल्या सकाळी मी माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा दोन सेकंदांनी फास्ट. स्वतःला सेना समजलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच सेटवर त्यातला दीड सेकंद गायब. मी तोच, गाडी तीच, टायरही तेच.

आता याच्या उलट प्रकारचे टायरही असतात. अमेरिकेतल्या मियाटा रेसिंगमध्ये टोयो कंपनीच्या आरए-१ ने बरीच वर्षं राज्य केलं. नासाच्या स्पेक मियाटा वर्गाचा तो ठरलेला टायर होता. (नासा म्हणजे रॉकेटवाली नाही, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. इमिग्रेशनच्या वकिलाला मी 'वीकेंडला नासामध्ये असतो' असं एकदा सांगून बसलो होतो, तो किस्सा पुन्हा कधीतरी.) या आरए-१ ची गंमत अशी की नक्षी पूर्ण असताना तो हळू आणि झिजत आला की फास्ट. त्यामुळे लोक नवा टायर मशीनवर लावून निम्मी नक्षी तासून घ्यायचे. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. "म्हणजे नवीन आणायचा आणि पैसे देऊन झिजवून घ्यायचा?" ज्या घरात स्कूटरची स्टेपनीसुद्धा रिमोल्ड करून वापरली, त्या घरात हे पटणं अवघडच. पण या टायरचा अर्थ नीट बघा. ज्याचा टायर जुना, त्याचं काही बिघडत नाही. पैसेवाल्याने दर रेसला नवा सेट घातला तरी त्याला त्यातून विशेष काही मिळत नाही. वर पाऊस आला तर न तासलेला सेट पावसात चालतो.

आमच्या मतदानात असेच दोन उमेदवार आहेत. एक चिकट, एक टिकाऊ. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा ब्रँडवर जाते.

सध्या आमच्याकडे स्पेक टायर नाहीच. 'ट्रेडवेअर किमान २००' एवढा एकच नियम आहे. हा आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो, जितका जास्त तितका टायर टिकाऊ. ऐकायला छान. पण हा आकडा देतं कोण? टायर कंपनी स्वतः! सरकारची पद्धत ठरलेली आहे. टेक्सासमध्ये सुमारे ४०० मैलांच्या ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल गाडी चालवून, संदर्भाच्या टायरशी झीज ताडून आकडा काढायचा. पण चाचणी कंपनीची, आकडाही कंपनीचा. शिवाय टायर निघेल त्यापेक्षा कमी आकडा छापायलाही मोकळीक. थोडक्यात अप्रेझलमधलं सेल्फ रेटिंग. गेल्या दहाएक वर्षांत अमेरिकेतल्या बऱ्याच हौशी सिरीजनी २०० ची रेष आखली आणि बाजारात बरोब्बर २०० छापलेले, हळूहळू रेसिंग टायरच्या जवळ जाणारे टायर दिसायला लागले. ब्रिजस्टोन, योकोहामा, फाल्कन, सगळ्यांचे. दर वर्षी एक नवा 'सगळ्यात फास्ट २००' येतो आणि आम्ही गाढवासारखे चालू सेट बाल्कनीत टाकून तो घेतो. म्हणून स्पेक टायर हवा, यावर आमच्याकडे सगळ्यांचं एकमत आहे. कुठला, यावर नाही.

माझा पार्टनर चिकटवाला आहे. त्याचं म्हणणं साधं आहे: "वर्षातून सहा वीकेंड मिळतात. त्यात मला जुन्या चपला घालून पळायचं नाहीये." हे मला समजतं. थंडरहिलला पाचव्या वळणावर गाडी टेकडी चढते, पलीकडचं काही दिसत नाही आणि तिथे चिकट टायर जो विश्वास देतो तो वेगळाच. एकदा चाखला की उतरत नाही.

त्याचा दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. ग्रिप जास्त म्हणजे ब्रेकिंग चांगलं म्हणजे सुरक्षित. इथे माझं पटत नाही. ग्रिप जास्त असली की आपण तेवढेच मागे राहून चालवत नाही, वळणातला वेग वाढवतो. मग गाडी सुटते तेव्हा जास्त वेगाने सुटते आणि फारशी सूचना न देता सुटते. टिकाऊ टायर आधी घसरतो, ओरडतो, सांगतो की बाबा रे, पुरे. शिकणाऱ्याला हे सांगणं लाखमोलाचं आहे. शिवाय जास्त ग्रिपचा ताण जातो कुठे? तीस वर्षं जुन्या गाडीच्या पुढच्या हबमध्ये. मियाटाचे हब कसे जातात हे ज्याने बघितलंय त्याला विचारा.

कुणीतरी मधला मार्ग सुचवला: टायर चिकटच घ्या, पण संख्येवर मर्यादा घाला. एफ-वनमध्ये तसंच असतं. पिरेली मुद्दाम झिजणारे टायर देते, पण एका नेहमीच्या वीकेंडला प्रत्येकाला कोरड्या ट्रॅकचे १३ सेट, ना एक कमी ना एक जास्त. हा उपाय खरंच चांगला आहे आणि मी त्याला मतही दिलं असतं. पण टायरवर शिक्के मारायचे, दर रेसला ते तपासायचे, हे करणार कोण? आमचा तपासनीस स्वतःच रेस करतो, हेल्मेट काखेत धरून बॉनेट उघडतो बिचारा. आणि नवख्याने ब्रेक लॉक करून पहिल्याच सकाळी टायर चपटा केला तर त्याने उरलेला सीझन काय करायचं? मी केलाय. टकटकटकटक आवाज करत पिटमध्ये आलो होतो, सगळे माना वळवून बघत होते.

आता हिशोब. चार टायरचा सेट हजार डॉलरच्या आसपास. चिकट टायर आला तर पुढे राहू इच्छिणाऱ्याला दर वीकेंडला एक सेट, म्हणजे सहा हजार. टिकाऊ आला तर माझ्या अंदाजाने दीड सेट. आम्ही दोघं सॉफ्टवेअरवाले, रडत-रडत का होईना सहा हजार काढू. पण आमच्या पॅडॉकमध्ये एक प्लंबर आहे. पन्नाशीचा, सोबत शाळकरी मुलगी, ती टायरचं प्रेशर बघते आणि वहीत लिहिते. हा माणूस गेला अख्खा सीझन एका सेटवर धावला आणि शेवटच्या रेसमध्ये माझ्या पुढे आला. चिकट टायर आला तर पुढच्या वर्षी येणार नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. धमकी वगैरे नाही, अंतर सांगावं तसं. त्याच्यासारखे आणखी सहा-सात तरी असतील. वीस-बावीस गाड्यांतून तेवढ्या गेल्या की एन्ट्री फी वाढणार, कारण ट्रॅकचं भाडं तेवढंच राहतं.

टायर स्वस्त झाला म्हणून रेसिंग स्वस्त होणार नाही हे मला मान्य आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो इंजिनवर घालेल, कोच लावेल, मधल्या वारी येऊन सराव करेल. आमच्यात एक स्टार्टअपवाला आहे, दर रविवारी नवे कोरे टायर, स्टिकरसकट. (माणूस फार चांगला. माझ्याकडचे निम्मे पाने त्याचेच आहेत.) टिकाऊ टायरवरही तो माझ्या पुढेच असेल. पण तो सरावामुळे पुढे असेल, आणि सराव बघून मला काहीतरी शिकता येतं. त्याच्या क्रेडिट कार्डाकडून मी काय शिकणार?

पार्टनर अजून तयार नाही. मत सोमवारपर्यंत द्यायचंय. शेवटी असं ठरलंय की उद्याच्या टेस्ट डेला दोन सेट न्यायचे. आपला चार वीकेंड झालेला टिकाऊ आणि तो उसना चिकट, ज्याच्या आता सात-आठ हीट सायकल झाल्यात. दोन्हीवर दोघांनीही चालवायचं, वेळ नोंदवणारा तिसरा कुणीतरी, आणि कुठला सेट किती फास्ट होता ते दिवस संपेपर्यंत एकमेकांना सांगायचं नाही. जुना चिकट जुन्या टिकाऊपेक्षा फास्ट निघाला तर मत त्याचं, नाहीतर माझं.

आठही टायर आज रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाली उतरवायचेत. लिफ्ट बंद आहे.