कोमुनिदादीची जमीन कोणाची?

गोवा विधानसभेने २०२५ साली कोमुनिदाद संहितेत दुरुस्ती करून, कोमुनिदादीच्या जमिनीवर २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी उभी राहिलेली अनधिकृत घरे नियमित करण्याची वाट मोकळी केली. गांवकरांतून तिला विरोध झाला. तथापि चर्चा झाली ती मुख्यत्वे घरांची. ज्या जमिनीवर ही घरे उभी आहेत ती मुळात कोणाची, हा प्रश्न मागेच राहिला. सरकारी जमिनीवरील अतिक्रमण आणि कोमुनिदादीच्या जमिनीवरील अतिक्रमण ही दोन्ही एकाच दमात उच्चारण्याची सवय आमच्या राज्यकर्त्यांना जडली आहे, आणि खरी मेख तेथेच आहे.

नाव पोर्तुगीज असल्यामुळे ही संस्था पोर्तुगिजांनी निर्माण केली, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः तिचे मूळ नाव गांवकरी. १५२६ साली आफोंसु मेशिया याने तिसवाडीतील गांवकरांचे रीतिरिवाज सनदेत नोंदवून घेतले तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. ओसाड भूमी लागवडीखाली आणणाऱ्यांचे हे वंशज, असे त्या सनदेनेच मान्य केले. जमीन गावाची. शेते ठराविक मुदतीने पावणीत काढावयाची, उत्पन्नातून प्रथम बांधबंदिस्ती, देवकार्य आणि गावच्या सेवेकऱ्यांचे देणे भागवावयाचे, आणि उरेल ते गांवकरांत वाटावयाचे. हा वाटा म्हणजे जोण. तो जन्माने मिळे, विकता येत नसे. (काही गावांत पुढे खरेदी-विक्रीचे भाग आले, तो निराळा विषय.) धर्मच्छळाच्या काळात वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, शेते मात्र मागे राहिली. देव हलवता येतो, गावची जमीन हलवता येत नाही, याचा अनुभव आमच्या पूर्वजांनी असा घेतला आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गांवकरीत स्त्रियांना स्थान नव्हते, आणि चिखलात उभे राहून भात पिकवणाऱ्या कुळाला ना जोण होता, ना शब्द. म्हणूनच बांदोडकरांच्या कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा झाला आणि शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग दाखवला, हे न्यायाचेच झाले. त्यावेळी ज्यांच्या पोटात दुखले त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

परंतु खाजनांचे काय झाले ते पाहावे. खाजन शेत खाडीच्या भरतीच्या पातळीखाली असते. बांध सुस्थितीत आणि मानशीची दारे वेळेवर उघडमीट करणारी माणसे जागी असतील, तरच तेथे भात पिकते. ही जबाबदारी गांवकरीची होती. १९७५ च्या नियमांन्वये ती कुळांच्या संघांकडे गेली. बहुतेक ठिकाणी संघाला मानशीतील मासळीच्या पावणीतून पैसा मिळतो. मासळी हवी तर खारे पाणी आत घ्यावे लागते, भात हवे तर ते बाहेर ठेवावे लागते. या ओढाताणीत कोण हरले, हे पडीक खाजनांकडे पाहणाऱ्यास सांगावयास नको. एक-चौदाच्या उताऱ्यात कब्जेदाराचे नाव असते, कुळाचे नाव असते. बांध कोणी राखावयाचा याला त्यात रकाना नाही. देशाचा जमीन कायदा जमीन एक तर व्यक्तीची मानतो, नाही तर सरकारची. कर्तव्यासह समूहाची असलेली जमीन त्याच्या चौकटीत नीट बसत नाही.

ती बसवता येत नाही, असे मात्र नव्हे. जमिनीची मालकी व हस्तांतरण यांबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावावाचून लागू होणार नाही, ही हमी संविधानाच्या ३७१-अ कलमाने नागालँडला आणि ३७१-छ ने मिझोरामला दिली. २००६ च्या वनाधिकार कायद्याने समूहाचा हक्क मान्य केला आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये तो मिळाला. गोव्यासाठीही संविधानात ३७१-झ हे स्वतंत्र कलम आहे. त्यात आहे काय? विधानसभेत तिसांपेक्षा कमी सदस्य असू नयेत, एवढेच! आमदारांची संख्या सुरक्षित झाली, गावची जमीन राहिली.

गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना दिला. भूमिहीनांसारखे अपवाद त्यात होते. पण तो अपवाद होता, धोरण नव्हे. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर काढावे, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. घरासाठी जागा देण्याची आफोरामेंताची तरतूद संहितेत आहेच. तिचा गैरवापर करून भूखंडांचा बाजार मांडणारे काही गांवकरच होते, हेही लपवण्याचे कारण नाही. तरीही जमीन द्यावयाची की नाही, हे गांवकरांच्या सभेने ठरवावयाचे आणि त्या सभेत गावच्या लेकीसुनांनाही बसवावयाचे, की मते मोजून दुसऱ्याच्या जमिनीवर सरकारने उदार व्हावयाचे?

गोव्यात २२३ कोमुनिदादी आहेत. मुक्तीनंतर त्यांची किती जमीन कुळांकडे गेली, किती सरकारने संपादन केली, किती आफोरामेंताने दिली गेली आणि किती बळकावली गेली, याचे गाववार विवरण सरकारने विधानसभेपुढे ठेवावे. घरांची यादी त्यानंतर करता येईल.