प्राध्यापकांचे प्रगतिपुस्तक

विद्यार्थ्यांचे गुण काचेच्या फलकात लागतात आणि शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे ते वाचतात. आपल्याला शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही कोणी तरी गुण देत असते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या गावीही नसते. गुरूला गुण देणे हा शब्दप्रयोगच कानाला खटकतो. परंतु ते दिले जातात, त्यांचे तक्ते भरले जातात आणि त्यांवर बढती व वेतनश्रेणी ठरते. तेव्हा हे गुण नेमके कशाचे, असे विचारण्याचा थोडासा अधिकार आम्हां विद्यार्थ्यांनाही असावा. तक्त्यात काहीही लिहिले तरी शिकवणे ज्यांच्यावर घडते ते अखेर आम्हीच!

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांसाठी गुणांकांची पद्धत आणली. अध्यापन व परीक्षा, महाविद्यालयातील इतर उपक्रम आणि संशोधन असे कामाचे तीन भाग पाडले. शोधनिबंधाला गुण, पुस्तकाला गुण, परिषदेत निबंध वाचला तर गुण. हेतू वाईट नव्हता. नोकरीत कायम झाल्यावर वर्षानुवर्षे पिवळ्या पडलेल्या वहीतून तीच टिपणे सांगणाऱ्यांना जाग यावी, असे कोणाला वाटणार नाही? पण झाले भलतेच. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकावी लागली. पुढे दुसरी यादी तयार झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. या सगळ्या वर्षांत वर्गात काय चालले होते, ते कोणत्या यादीत शोधायचे?

२०१८ च्या नियमांनी महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या बाबतीत गुणांकांचे जंजाळ कमी केले आणि शिकवण्याला पुढे आणले, हे मान्य केले पाहिजे. पण शिकवणे मोजायचे कसे? तर नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या यावरून. शेकडा ८० किंवा अधिक घेतल्या तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. जोडीला विद्यार्थ्यांच्या किंवा महाविद्यालयाच्या उपक्रमांत सहभाग. हा नियम अगदीच टाकाऊ नाही. जेथे विद्यार्थी वर्गाबाहेर वाट पाहून कॅन्टीनकडे वळतात, तेथे शेकडा ८० हीसुद्धा क्रांतीच ठरेल. परंतु तास घेतला म्हणजे शिकवले, हे समीकरण काही सुटत नाही. नव्वद तास मार्गदर्शकातला मजकूर उतरवून देणारे आणि ऐंशी तासांत मुलांना स्वतःहून एक प्रश्न विचारायला लावणारे, दोघेही त्या तक्त्यात ‘चांगले’च.

मोजमापाचा हा सोस नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेवर ठरू लागले. तपासनीस येई, मुलांना उभे करी, आणि निकालाप्रमाणे पैसे मिळत. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना कवी म्हणून ठाऊक असलेला मॅथ्यू अर्नोल्ड पोटापाण्यासाठी शाळा-तपासनीस होता. या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते, अशी तक्रार तो आपल्या अहवालांतून करीत राहिला. निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्याविषयी स्पष्ट मत नोंदवले. गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यास ही पद्धत योग्य नाही. त्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून निर्माण व्हायची आहे, आणि अशा ठिकाणी स्वतःच्या जबाबदारीवर शाळा उघडायला कोणी शिक्षक पुढे येणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

जोतीरावांचा हा मुद्दा मला आजच्या महाविद्यालयालाही लागू वाटतो. घरी पुस्तकांचे कपाट असलेल्या मुलांचा निकाल लावणे आणि ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे त्यांचा निकाल लावणे, ही एकच कामगिरी नव्हे. मी त्या दुसऱ्या प्रकारातली. प्रवेश घेतला तेव्हा ‘श्रेयांक’ म्हणजे काय, ऐच्छिक विषय निवडायचा तो कोणाला विचारून, शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा लागतो, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. उत्तर परिच्छेद पाडून लिहायचे असते, हेही मला महाविद्यालयात आल्यावर समजले. ते शिकवले आमच्या एका मॅडमनी. आठवड्यातून एकदा एक पान लिहून द्यायचे. ते लाल शाईने भरून परत येई. माझ्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरांपेक्षा लाल शाईच जास्त होती. हे काम त्या मधल्या सुट्टीत जिन्याजवळच्या बाकावर बसून करीत. हा तास नव्हे, उपक्रम नव्हे, संशोधन तर नव्हेच. मग हे कोणत्या रकान्यात भरायचे?

अर्थात मॅडमपुढे रकान्याचा प्रश्न नव्हताच. त्या तासिका तत्त्वावर होत्या. जितके तास तितके मानधन, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईलच याची हमी नाही. बढतीच नाही, तर बढतीसाठीचे मूल्यमापन कोठून येणार? महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत हेच शिक्षक विभागाचा भार वाहतात. नियमावलीतील अपेक्षा पूर्णवेळ माणसाच्या आहेत: आठवड्याला चाळीस तासांचे काम, सहायक प्राध्यापकाला त्यांतील सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन. आणि वर्ग मात्र अशा व्यक्तीच्या हवाली, जिला एका गावातला तास संपवून दुसऱ्या गावातल्या तासासाठी एस.टी. गाठायची असते. आधी पदे भरा आणि मग मोजा, असे म्हणणे उद्धटपणाचे ठरू नये.

मग विद्यार्थ्यांनाच विचारा, असे कोणी म्हणेल. विचारले जातेही. ‘नॅक’ने २०१७ साली सुधारलेल्या पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण आणले. अभ्यासक्रम किती शिकवला, प्राध्यापक तयारी करून येतात का, असे प्रश्न त्यात असतात. अशी प्रश्नपत्रके भरताना मी मैत्रिणींना पाहिले आहे. वरपासून खालपर्यंत एकच खूण! काहींना कंटाळा असतो. पण बऱ्याच जणींच्या मनात ‘आपण कोण सरांना नावे ठेवणारे’ हा संकोच असतो, आणि तो आमच्यासारख्या घरांतून येणाऱ्यांत अधिक. शिवाय वर्गाला हसवणारे सर सर्वांनाच आवडतात. तेच पान तिसऱ्यांदा लिहायला लावणाऱ्या मॅडमना त्या आठवड्यात आमच्या वर्गाने किती गुण दिले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

माझी सूचना साधी आहे. प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्गात बसवून एक पान लिहून घ्यावे आणि ते न तपासता जपून ठेवावे. शेवटच्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा एक पान घ्यावे. दोन्ही पाने शेजारी ठेवून विभागातील सर्वांनी, आणि शक्य तर बाहेरच्या एखाद्या प्राध्यापकांनी, एक दुपार वाचावीत. कोण कोठून निघाले आणि कोठवर आले, हे तेथे दिसेल. त्यावर बढती मात्र ठरवू नये; तशी ठरू लागली, तर पहिले पान मुद्दाम वाईट लिहून घेण्याची युक्ती कोणाला तरी सुचेलच. आणि त्या दुपारी तासिका तत्त्वावरील शिक्षकांनाही बोलावावे, त्या तासांचे मानधन देऊन. बाकी खर्च फारसा नाही. एक कुलूपबंद कपाट लागेल. आमच्या मराठी विभागात ते आहे. फक्त त्यातील गुणांकांच्या जुन्या फायली दुसरीकडे हलवाव्या लागतील.