शनवार तेली आणि त्यांचे काझी

मधल्या सुट्टीत सातवीच्या दोन पोरांचं क्रिकेटवरून वाजलं आणि एकाने दुसऱ्याला "यहुदी कुठला!" अशी शिवी हासडली. दोघेही आपलीच मुलं. आम्ही त्याला जवळ बोलावून विचारलं, "यहुदी बघितलास का रे कधी?" "मोबाईलवर बघितलेत, सर." बरोबर आहे, चौसाळ्यात यहुदी कुठून दिसणार? पण हा शब्द शिवी म्हणून चालतो, हे तो घरातच शिकला असणार. फिलिस्तीनमधल्या लेकरांच्या बातम्या पाहून आमचाही घास घशात अडकतो. जालिमाला जालिम म्हणायला कचरू नये. पण हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या अख्ख्या उम्मतीचं नाव शिवी म्हणून मुलांच्या तोंडी बसू द्यायचं का?

त्या पोराला आम्ही मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो.

कोकणात अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राईल लोकांची परंपरा अशी, की फार पूर्वी तिथे त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, किताबं सगळी समुद्रात गेली. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवार हा त्यांचा सब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवलं 'शनवार तेली'. आपल्यात आतार, तांबोळी, बागवान, पिंजारी अशी धंद्यावरून नावं पडली, तसंच हे. आडनावं मात्र गावावरून : दिवेकर, केहीमकर, पेणकर, झिराडकर.

किताब नाही, आलिम नाही, तरी त्यांनी काय सांभाळलं? आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची सुट्टी, खाण्यातलं हलाल-हराम, आणि 'शेमा', म्हणजे अल्लाह एकच आहे याची ग्वाही. पिढ्यान् पिढ्या एवढ्यावर त्यांनी आपली ओळख टिकवली.

बाकीच्या यहुद्यांची वाट वेगळी होती. इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेममधलं त्यांचं इबादतगाह पाडलं, कुर्बानी बंद पडली. मग धर्म उभा राहिला तो शिक्षकांच्या जोरावर. या शिक्षकांना रब्बी म्हणतात. तोंडी चालत आलेले नियम यहुदा हनासी यांनी साधारण इ. स. 200 च्या सुमारास एकत्र केले, तो 'मिश्ना'. पुढे इराकात सूरा आणि पुम्बेदिता इथल्या मदरशांत (आम्ही मदरसेच म्हणतो, दुसरा शब्द सुचत नाही) त्यावर काही शतकं वादविवाद झाले आणि 'तलमूद' तयार झाला. अमुक म्हणाले, त्यांनी तमुकांकडून ऐकलं, पण फलाण्यांचं मत वेगळं, अशी त्याची मांडणी. हदीस आणि फिकह शिकलेल्याला ती परकी वाटणार नाही. एक जीव घेणं म्हणजे सगळ्या माणसांचा जीव घेणं, हा हुकूम बनी इस्राईलला दिला होता, असं सूरह माइदामध्ये येतं. तीच गोष्ट मिश्नातही सापडते.

कोकणातल्या लोकांपर्यंत यातलं काहीच पोहोचलं नाही. हनुक्का हा सणसुद्धा त्यांना माहीत नव्हता. तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला, म्हणून आपले पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असं त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मांडलं. इतर अभ्यासक तो काळ बराच अलीकडे आणतात.

मग डेव्हिड राहाबी आला. कधी आला यावरही वाद आहेत. काही जण त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला मानतात. कथा अशी, की हे खरंच आपले लोक आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. त्याची खात्री पटली. परीक्षा पुरुषांची नाही, चुलीपाशी बसणाऱ्यांची झाली, हे आम्हाला फार आवडतं. पुढे त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतली तीन माणसं शिकवून तयार केली. लोक त्यांना रब्बी म्हणत नसत, काझी म्हणत. निकाह लावायचे, तंटे मिटवायचे. सिनेगॉगला हे लोक मशीद म्हणत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, ती त्यांची 'जुनी मशीद'. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानांच्या कैदेत सापडले होते. कुरआनात ज्यांचा उल्लेख आहे ते हे बनी इस्राईल, म्हणून टिपूंच्या आईने त्यांचा जीव वाचवला, असं ते लोक आजही सांगतात.

1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे काय झालं? 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीने हुकूम काढला, की यांच्याशी लग्न लावण्याआधी वाडवडिलांची चौकशी करा. यांचे तलाक, यांची लग्नं तलमूदच्या नियमाने झाली होती का, अशी शंका. जो ग्रंथ त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता, त्याच्या मापाने त्यांना मोजलं. शनवार तेली जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि 1964 मध्ये ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य झालं. पिढ्यान् पिढ्या राहूनही पुरावा मागितला की माणसाला कसं वाटतं, हे आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावं!

पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, ते अजून मराठी बोलतात?" बोलतात. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी अलिबागला गेलात तर इस्राईल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, आणि नवगावला त्या जहाजातल्या माणसांची कबरस्तानं. मुलांना सोबत न्या.