सुदानमधल्या चुली कुणी विझवल्या?

२० जानेवारी २०२५. वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली आणि अमेरिकेची परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. पुढच्या काही आठवड्यांत सुदानमधली शेकडो सामूहिक स्वयंपाकघरे बंद पडली. जीव वाचवणाऱ्या मदतीला सूट आहे, असे नंतर जाहीर झाले. पण पैसे पोहोचवणारी यंत्रणाच मोडली होती. सवलत कागदावर असणे आणि ताटात पडणे यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

मित्रांनो, ही स्वयंपाकघरे कोण चालवत होते? २०१९ मध्ये उमर अल-बशीरची हुकूमशाही उलथवणाऱ्या चळवळीतली तरुण पोरे-पोरी. १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि आरएसएफ यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा त्यांनीच वस्तीवस्तीत चुली मांडल्या. ते भीक मागत नव्हते, आपली माणसे जगवत होते.

दारफुरमध्ये तर मसालितसारख्या बिगर-अरब काळ्या जमातींना 'गुलाम' म्हणून हिणवत, वेचून मारले गेले. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी ही नजर आपण ओळखतो. ७ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेनेच याला नरसंहार म्हटले. आणि तेरा दिवसांनी त्याच लोकांच्या तोंडचा घास काढला!

काही जण म्हणतील, सरकार बदलले. नव्या सरकारने आपला पैसा कुठे खर्चायचा हा त्याचा अधिकार. पण हा पैसा अमेरिकी संसदेने आधीच मंजूर केलेला होता. आणि प्रश्न पैशाचा होता, तर मे २०२५ मध्ये याच सरकारने संयुक्त अरब अमिरातीला सुमारे १.४ अब्ज डॉलरची लष्करी सामग्री विकायला मंजुरी कशी दिली? आरएसएफला शस्त्रे पुरवल्याचा आरोप याच अमिरातीवर आहे. अमिराती तो नाकारते. पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी तो विश्वासार्ह ठरवला आहे. म्हणजे चुलीसाठी हात आखडता, आणि हेलिकॉप्टरसाठी बाजार खुला.

तिकडे आरएसएफच्या वेढ्यातल्या अल-फाशेरमध्ये माणसे शेंगदाण्याची पेंड खाऊन जगत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शहरही पडले.

खरा रोग इथे आहे: मदत म्हणजे दान, हा समज. दानात देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो, आणि तो कधीही मागे घेता येतो. म्हणून मागणी दानाची नको, हक्काची हवी. मंजूर झालेली मदत एका सहीने थांबवता येऊ नये. पैसा थेट वस्तीतल्या तरुणांच्या हाती जावा. आणि मारेकऱ्यांच्या पाठीराख्यांना शस्त्रे विकणे बंद व्हावे.

'आपले प्रश्न काय कमी आहेत, आफ्रिकेचे कशाला?' असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगा: १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत आहेत हे कळल्यावर त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आपल्या लढ्याचे नाते त्यांनी साता समुद्रापार शोधले. आपण मात्र बातमी सरकवून पुढे जातो.

पुढच्या बैठकीत दारफुरवर बोला. गप्प बसणे हीसुद्धा एक बाजू घेणेच असते.

जय भीम!