तेरा उतारूंचें विमान

"वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्या, परंतु प्रवासवर्णन नको, मत द्या," अशी संपादकांची सूचना आली. म्हणून प्रवासाचा भाग शक्य तितका आटोपता घेऊन, त्या प्रवासानें ज्या प्रश्नावर माझें मत पालटलें तो प्रश्न विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडतों. प्रश्न असा कीं, ज्या विमानाच्या निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या जातात, तें सरकारनें आपल्या तिजोरींतून पैसे घालून चालूं ठेवावें काय?

अमेरिकेच्या उत्तर सरहद्दीवर सुपीरियर नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्यांत वांकड्या बोटासारखें घुसलेलें कीविनॉ नांवाचें द्वीपकल्प आहे, आणि त्या द्वीपकल्पावर एका अरुंद जलमार्गाच्या दोन तीरांवर हॉटन व हॅनकॉक हीं जुळीं गांवें वसलीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत येथें तांब्याच्या खाणी भरभराटीस आल्या, व खाणकाम शिकविण्यासाठीं 1885 सालीं हॉटन येथें एक विद्यालय निघालें. पुढें खाणी बंद पडल्या. विद्यालय मात्र वाढत जाऊन आज मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झालें आहे. आपल्याकडील पदवीधर तेथें पुढील शिक्षणास जातात. माझा पुतण्या त्यांतलाच एक. सरोवरावरून येणाऱ्या बाष्पामुळें तेथें इतकें हिम पडतें कीं, 1978-79 च्या एका हिवाळ्यांत त्या द्वीपकल्पावर 390 इंच हिम मोजलें गेलें. म्हणजे आपल्या शाळेची इमारत कौलांपर्यंत बुडाली असती.

मी त्याच्याकडे पंधरा दिवस राहावयास गेलों होतों. जानेवारी महिना होता. एके रात्रीं पुण्याहून दूरध्वनि आला कीं, दादांना, म्हणजे माझ्या वडील बंधूंना, हृदयविकाराचा झटका आला असून शस्त्रक्रिया दोन दिवसांत करावी लागेल. शिकागो तेथून 400 मैलांहून दूर, आणि बाहेर हिमवादळ. मोटारीनें निघावें तर रस्ता दिसेना. "काका, पहाटेचें विमान मिळालें तर मिळालें," एवढेंच पुतण्या म्हणाला, आणि आम्ही दोघे न झोंपतां बसून राहिलों.

रेल्वेचा विचार माझ्या मनांत सहज आला. परंतु शिकागोहून तेथवर जाणारी उतारूंची गाडी 1968 सालींच बंद झाली आहे. 1907 पासून चाललेली ती गाडी खाणींबरोबरच गेली. आतां विमान गेलें म्हणजे त्या गांवाला काय उरलें, हें त्या रात्रीं मला कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती.

विमान होतें 50 खुर्च्यांचें. या जातीचीं विमानें कॅनडांत बनत. त्यांतील पहिलें 1991 सालीं उडालें. मुळांत धनिकांच्या खाजगी विमानाचा सांगाडा लांबवून तें केलेलें, म्हणून आंत उंच माणसास मान वांकवावी लागते. मधल्या वाटेच्या दोहों बाजूंस दोन दोन खुर्च्या, यंत्रें मागें शेपटीजवळ, आणि डोक्यावरचे कप्पे इतके लहान कीं हातांतली पेटी दाराशींच काढून घेतात. खिडक्या खांद्याच्याही खालीं. बाहेर पाहावयाचें तर देवळाच्या ठेंगण्या दारांतून डोकावावें तसें डोकवावें लागतें. वैमानिक दोन, सेविका एक, आणि उतारू मीं मोजले ते तेरा. कांहीं विद्यार्थी होते. तपासणीसाठीं मोठ्या इस्पितळांत निघालेलें एक वृद्ध जोडपें होतें. एक गृहस्थ यंत्राच्या सुट्या भागांची जड पेटी मांडीवर घेऊं पाहत होते व सेविका त्यांस तसें करूं देत नव्हती.

दोन तास आम्ही जागच्या जागीं होतों. पंखावर हिमाचा पातळ थर जरी धरला तरी त्याचा आकार बिघडून विमानास उचल मिळत नाहीं. म्हणून प्रथम नारिंगी रंगाच्या कढत द्रवानें विमान धुतात, आणि मग हिरवा दाट द्रव फवारतात, जेणेंकरून नवें हिम कांहीं काळ चिकटूं नये. तो काळ संपण्यापूर्वीं उडालें पाहिजे, नाहीं तर सारें पुन्हां. आमचें तें दोनदां झालें. अखेर आम्ही उडालों.

आतां मताकडे येतों. मी याच शाळेच्या वक्तृत्वसभेंत एकदां मोठ्या आवेशानें प्रतिपादन केलें होतें कीं, जो धंदा स्वतःच्या पायांवर उभा राहत नाहीं तो सरकारनें खांद्यावर घेऊं नये. बक्षीसही मिळालें होतें. अमेरिकेंत 1978 सालीं नेमका हाच विचार कायद्यांत उतरला. तोंवर कोणती कंपनी कोठें उडेल व भाडें काय घेईल हें सरकारी मंडळ ठरवी. त्या सालापासून कंपन्यांस मोकळीक मिळाली. मोकळीक मिळतांच कंपन्या लहान गांवें सोडून जातील हें मात्र कायदा करणाऱ्यांस दिसत होतें. म्हणून अशा गांवांची तूट भरून देण्याची योजना त्याच कायद्यांत घातली, तीही फक्त 10 वर्षांसाठीं. दहांचीं वीस करावीं लागलीं, आणि 1996 सालीं मुदतच काढून टाकण्यांत आली. 2017 सालीं राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकानें ती बंद करण्याची सूचना केली. ती संमत झाली नाहीं.

योजनेस विरोध करणाऱ्यांचें सारेंच म्हणणें मी टाकून देत नाहीं. जेथें चांगल्या रस्त्यानें दीड तासावर मोठा विमानतळ आहे, तेथें रिकाम्या खुर्च्यांवर पैसा घालणें मलाही उधळपट्टी वाटते. शिवाय सरकारची मदत असूनही तिकीट स्वस्त नसतें. गांवांतला गरीब मनुष्य रात्रभर चालणाऱ्या बसनेंच जातो, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु उतारूंची संख्या मोजून विमानाची किंमत ठरवावी हें मला आतां पटत नाहीं. पूल बांधतांना त्यावरून रोज किती माणसें जातील एवढेंच आपण पाहत नाहीं. पूल नसेल तर पलीकडे कोण अडकेल तेंही पाहतों. आपल्या एस. टी. ची मुक्कामाची गाडी रात्रीं डोंगरांतल्या खेड्यांत थांबते व पहाटें चार माणसें घेऊन निघते. तिचा हिशेब कोणी त्या चार तिकिटांवर मांडूं लागला तर ती एका दिवसांत बंद होईल. ज्या विमानांत आम्ही बसलों तेंही रात्रीं गांवांतच मुक्कामास होतें, म्हणून तर पहाटें मिळालें.

नुसता पैसा पुरत नाहीं, हेंही खरें. मार्च 2022 मध्यें स्कायवेस्ट या कंपनीनें वैमानिकांच्या टंचाईमुळें अशा 29 गांवांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. परंतु कायदा असा कीं, दुसरी कंपनी मिळेपर्यंत पहिलीला जातां येत नाहीं. माझ्या मतें त्या कायद्यांतलें सर्वांत शहाणपणाचें कलम हेंच.

आपल्याकडे 'उडान' योजनेचें पहिलें विमान 27 एप्रिल 2017 रोजीं सिमल्याहून दिल्लीस गेलें. तींत कंपनीची तूट भरून देण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. तीन वर्षांत उतारू वाढून मार्ग स्वावलंबी व्हावा ही अपेक्षा. कांहीं गांवीं ती फळास येईल. जेथें नाहीं येणार, तेथें चौथ्या वर्षीं काय करावयाचें, हें पहिल्याच वर्षीं लिहून ठेवलें पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

दादा शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले तेव्हां पुतण्या उशाशीं बसला होता. तीन आठवड्यांनीं तो त्याच मार्गानें परत गेला. पोहोंचल्याचें कळवितांना त्यानें लिहिलें कीं, या खेपेस शिकागोहून उतारू नऊच होते, आणि धांवपट्टीच्या कडेचे हिमाचे ढीग विमानाच्या खिडकीपेक्षां उंच झाले होते.